तुलनेसाठी एक तळं

आमचं बुलढाणं उंचावर आहे. सकाळची एसटी जंगलातला घाट उतरून खामगावच्या बाजूला लागली की मला दर वेळी वाटतं, आपण रस्त्याने जात नाही, खाली बुडत चाललो आहोत. समोर तो सपाट, धुरकट मुलूख पसरलेला असतो. मधे कुठेतरी पूर्णा, आणि पार पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ. ती कधी असते, कधी नसते. त्या भागातले लोक सांगतात की इथे फार पूर्वी समुद्र होता. भूगर्भाचा अभ्यास करणारी मंडळी त्यावर वाद घालतात. मी मात्र खिडकीला डोकं टेकवून, अर्ध्या झोपेत, तो समुद्र पुष्कळदा पाहिला आहे. बाभळी पाण्यातल्या वनस्पतींसारख्या डोलतात आणि लांबचा एखादा ट्रॅक्टर तळाशी चालणाऱ्या खेकड्यासारखा सावकाश सरकतो.

या अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा सगळ्यात आधी ही खिडकी आठवली. माझ्या बढत्या आणि बदल्या वाचण्यात कोणाला रस असेल असं वाटत नाही. मला दोन तळ्यांबद्दल सांगायचं आहे. त्यातल्या एकाबद्दल मी सभांमधून अनेकदा बोललो आहे. दुसऱ्याचे नुसते आकडे सांगितले, बाकी बोलायचं टाळत आलो आहे.

आधी काम काय ते सांगतो. मी एका संशोधन संस्थेत आहे. पावसाची चाल बदलली आहे, हे आता कोणाला पटवावं लागत नाही. जो पाऊस महिनाभर पुरवून पुरवून पडायचा तो एका दुपारी कोसळतो आणि मग इतके दिवस फिरकत नाही की उभं पीक मान टाकतं. अशा पावसाशी जुळवून घ्यायचं तर कुठल्या जमिनीत काय लावावं, पाणी कुठे अडवावं आणि कुठे अजिबात अडवू नये, हे शोधणं म्हणजे माझं काम. निम्मा वेळ उपग्रहाने काढलेली जमिनीची चित्रं पाहण्यात जातो. त्या चित्रांत हिरवं पीक लाल दाखवायची रीत आहे. दिवसभर तो लाल रंग पाहून बाहेर पडलो की रस्त्याकडेचे कडुलिंब मला क्षणभर चुकीच्या रंगाचे वाटतात. कधी स्वप्न पडलं तर त्यातली शेतंही लालच असतात, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळ्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत. तिथल्या एका बागायतदाराला मी एकदा त्याचाच बगीचा चित्रात दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"सायेब, म्हंजे तुमाले वरून माहा बगीचा दिसते?"

"दिसतो ना."

"एक एक झाड?"

"झाड नाही, पण बगीचा पुरा दिसतो."

"मंग रातच्याले संत्रे कोन तोडून नेते, थे काऊन दिसत नाई?"

मी हसलो. तो हसला नाही. त्याच्या दृष्टीने मी एवढ्या उंचीवर जाऊन नको ते पाहून आलो होतो. पुढे जे घडलं ते आठवलं की वाटतं, त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

सोनाळ्याहून खाली पूर्णेकडे उतरत गेलं की संत्री संपतात, विहिरीही संपतात आणि खारपाणपट्टा लागतो. इथली काळी माती खोल आहे, सुपीक आहे, पण तिच्याखालचं पाणी खारं आहे. विहीर खणली तर खारं, बोअर मारलं तर खारं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. पावसाचं जे गोडं पाणी मातीत मुरतं तेवढंच काय ते कामाचं, आणि ते त्या खाऱ्यावर पातळ थरासारखं राहतं, दुधावर साय धरावी तसं. मी त्या शेतांतून चालताना हे विसरू शकत नाही. वर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोलते आहे, पाखरं बसली आहेत, आणि पायाखाली एक भलंमोठं, जुनं, खारट पाणी निजलेलं आहे. त्याच्या अंगावर गोड्या पाण्याची एक पातळ चादर. आपण हळू चालावं, असं वाटतं.

म्हणून इथलं शेततळं बाकीच्या महाराष्ट्रातल्या शेततळ्यासारखं नसतं. दुसरीकडे आम्हीच लोकांना सांगतो: तळं खोल खणा, म्हणजे उन्हाने पाणी कमी उडेल. इथे खोल गेलात की तळाला खारं लागतं. इथे तळं उथळ आणि पसरट हवं, तळाची चिकणमाती तुडवून घट्ट केलेली हवी. त्यात पावसाळ्याचं पाणी धरायचं आणि हिवाळ्यात हरभऱ्याला एखादं ओलित द्यायचं. एवढ्याने पीक वाचतं. हे सिद्ध करून दाखवणं हा आमचा प्रकल्प होता.

त्यासाठी आम्हाला जनार्दनभाऊ भेटले. बोलणं कमी, तंबाखू जास्त, असा माणूस. शब्द दिला की पाळणारा. आम्ही आखून दिलं तिथे, तेवढंच उथळ तळं त्यांनी खणलं. त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून त्यांच्या चुलतभावाचं वावर होतं. सुपडाभाऊ त्याचं नाव. सुपडाभाऊ जनार्दनभाऊंच्या अगदी उलट. आवाज मोठा, हसणं मोठं, आणि कुठलीही गोष्ट हातात घेतली की ती जनार्दनपेक्षा मोठी करून दाखवायची हौस त्याहून मोठी.

"काय बे जनार्दन," तो धुऱ्यावर उभं राहून ओरडायचा, "तुह्या तळ्यात म्हैस बसली तं पाठ उघडी राह्यते!"

"म्हैस खुश हाय," जनार्दनभाऊ तंबाखू मळत म्हणायचे. "तुले काय तरास?"

"सायेब, खरं सांगा, थे तळं हाय का परात हाय?"

सुपडाभाऊ आमच्या प्रकल्पात नव्हता. उन्हाळा संपता संपता त्याने स्वतःच जेसीबी बोलावला आणि आपल्या वावरात तळं खणायला घेतलं. मी त्या दिवशी जनार्दनभाऊंकडे होतो. धुरा ओलांडून पाहायला गेलो. यंत्र पिवळंधमक, ऊन पिवळंधमक, आणि वर उडालेल्या धुळीत माणसं तरंगत असल्यासारखी दिसत होती.

"सुपडाभाऊ, बस झालं," मी म्हटलं. "याच्या खाली नका जाऊ."

"राहू द्या हो सायेब. चालू दे बे, आनखी खाली जाऊ दे!" हे यंत्रावरच्या माणसाला.

आणि मग पाणी लागलं. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात माती गडद झाली, चकाकली, आणि बघता बघता तिथे डबकं झालं. जो तो ओरडायला लागला. सुपडाभाऊची बायको वच्छलाबाई घराकडे धावत गेली आणि नारळ घेऊन आली. जगात कुठेही जमिनीतून पाणी लागलं तर माणसाने आनंदच करायचा असतो, त्यांनी केला. नारळ फुटला, मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला. तो खाताखाताच मी खिशातलं पेनाएवढं यंत्र काढलं. ते पाण्यात बुडवलं की त्यात क्षार किती ते आकड्यात दिसतं.

"काय बाप्पा, ताप हाय काय पान्याले?" सुपडाभाऊने विचारलं. सगळे हसले.

"खारं हाय, भाऊ."

"खाऱ्याच्या मुलखात खारंच लागन, सायेब! वरतून पावसाचं गोडं पडन, त्याच्यात मिसळन. तुमी काऊन तोंड पाडून राह्यले?"

तेव्हा मी अडून बसायला हवं होतं. माझं पद वापरून, आवाज चढवून, जनार्दनभाऊंना मधे घालून त्याला सांगायला हवं होतं की आत्ताच्या आत्ता तळाला चिकणमाती टाक आणि हे पाण्याचं तोंड बंद कर. यंत्र अजून तिथेच उभं होतं. मी "पाहा बुवा" एवढंच म्हटलं. नारळाचा तुकडा हातात असताना माणसाला कडक बोलता येत नाही, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली.

बुलढाण्याला परतल्यावर कार्यालयात ही हकीकत सांगितली. आमच्या विभागाच्या प्रमुख पुण्याच्या आहेत. प्रामाणिक बाई, कामाला वाघ. त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, हे तर आपल्याला आयतं मिळालं! शेजारी शेजारी, एकच माती, एकच पाऊस, एक उथळ तळं आणि एक खोल. आपण कोणाला असं खणायला सांगितलं असतं तर ते योग्य झालं नसतं. पण त्यांनी आपणहून खणलंय. आपण फक्त मोजायचं."

इथे वाचकांसाठी थोडं थांबतो. संशोधनात तुलना लागते. जनार्दनभाऊंचं शेत सुधारलं, हे सांगून कोणी मानत नाही. विचारतात, कशाच्या मानाने सुधारलं? म्हणून शेजारी एक असं शेत लागतं जिथे तुमचा सल्ला पोचलेला नाही. ते शेत जसं आहे तसं राहू द्यायचं असतं. त्याला हात लावायचा नसतो. या शिस्तीवर अख्खं शास्त्र उभं आहे आणि त्या शिस्तीबद्दल मला आजही आदर आहे. पण आमच्या कागदांवर त्या शेताला क्रमांक असतो. त्याला वच्छलाबाई नसते.

मला तेव्हा आनंद झाला होता, हे लपवत नाही. फुकट मिळालेल्या तळ्याने मला मोहात पाडलं.

पुढचे हिवाळे, उन्हाळे मी खाली जात राहिलो. आधी जनार्दनभाऊंचं तळं, मग धुरा ओलांडून सुपडाभाऊचं. पाणी मोजायचं, गिरमिटाने खोलवरची माती काढायची, पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची. ते दिवस आठवतात ते दुपारच्या झोपेसारखे. सगळीकडे एक सोनेरी सुस्ती. सुपडाभाऊच्या तळ्याला उन्हाळ्यापर्यंत पाणी असायचं. त्यात आभाळ पूर्ण मावायचं. जनार्दनभाऊंचं तळं थंडी सरता सरता आटून भेगाळायचं. गावातले लोक जाता येता सुपडाभाऊचं कौतुक करायचे. त्याने त्या पाण्यावर हरभऱ्याशिवाय गहूही घेतला. माझ्या सल्ल्याने चाललेले जनार्दनभाऊ मुकाट्याने तंबाखू मळायचे. एकदा फक्त म्हणाले, "सायेब, आपलं बराबर हाय ना?" मी म्हटलं, "बराबर हाय. धीर धरा." त्यांना धीर धरा म्हणायला माझी जीभ अडखळली नाही. त्याच वाक्याची दुसरी बाजू धुऱ्यापलीकडे जाऊन सांगायला मात्र अडखळली.

सुपडाभाऊ दर खेपेला विचारायचा, "कसं हाय मंग?"

"थोडं वाढून राह्यलं," मी म्हणायचो आणि आकडा सांगायचो. आकडा कधी खोटा सांगितला नाही. त्या आकड्याचा अर्थ काय, ते सांगितलं नाही. तळ्यातून तो पाणी उपसायचा तेव्हा वरचं गोडं जायचं आणि खालचं निजलेलं खारं त्याच्या जागी वर सरकायचं. तेच पाणी तो शेताला द्यायचा. ऊन पाणी उचलून न्यायचं आणि क्षार मातीत ठेवायचं. हे सगळं मला दिसत होतं. तो उपसा थांबवेल, असं एक वाक्य माझ्या तोंडात होतं. ते बोललो असतो तर त्याने उपसा थांबवला असता, आणि मग तुलना उरली नसती.

एका दुपारी वच्छलाबाईने जेवायला थांबवून घेतलं. भाकर, वांग्याची भाजी, वरण. वाढता वाढता ती म्हणाली, "सायेब, परवा पेयाचं पानी सरलं म्हून तळ्याचं आनलं घरात. दाळच शिजली नाई बाप्पा. दुपारपावतर चुलीवर ठेवली, तरी दाना बोटाले टनक लागे."

"खारं पाणी हाय ना, त्याच्यानं."

"घरात नाई चालत तं नाई चालत. पन वावराले चालन ना?"

मी घास गिळला. "सध्या तरी चालून राह्यलं," असं म्हणालो.

सध्या तरी. माझ्या सगळ्या नोकरीत मी हजारो शब्द लिहिले असतील. त्यातले हेच दोन मला परत घ्यावेसे वाटतात.

त्या वर्षी एका मोठ्या शहरात परिषद होती. थंडगार, अंधाऱ्या सभागृहात मी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. खालची जनार्दनभाऊंची, जवळजवळ सपाट. वरची सुपडाभाऊची. ती आधी हळू चढत होती, मग भराभर. पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ पुढे झुकून म्हणाले, "सुंदर!" टाळ्या झाल्या. मला ते आवडलं. परतीच्या बसमध्ये डोळे मिटले की ती रेघ दिसायची. पण पडद्यावरून उतरून ती काळ्या मातीत शिरायची, आणि तिच्या टोकाशी कोणीतरी धोतराचा सोगा धरून उभं असायचं. सुपडाभाऊ तर पँट घालतो. तरी तोच आहे हे मला समजायचं.

मग या गेल्या हिवाळ्याची गोष्ट. हरभरा पेरून झाला होता. मी नेहमीसारखा गेलो. जनार्दनभाऊंच्या वावरात कोवळी हिरवी ओळ सरळ धुऱ्यापर्यंत आली होती. धुऱ्यापलीकडे ती तुटली होती. सुपडाभाऊच्या शेतात इथे चार रोपं, तिथे दोन, आणि मधे मोकळी जमीन. त्या जमिनीवर पीठ सांडल्यासारखी पांढरी झाक होती. सकाळच्या उन्हात ती चमकत होती. दुरून पाहिलं तर दव पडलंय असं कोणालाही वाटलं असतं.

सुपडाभाऊ उकिडवा बसून बोटाने माती उकरत होता. वच्छलाबाई बाजूला उभी होती. मला पाहून तो ताडकन उठला.

"बरं झालं आले, सायेब. हे पाहा. बी एकच हाय. मी अन् जनार्दननं एकाच दुकानातून आनलं. त्याच्यात निंघालं, माह्यात काऊन नाई निंघालं? दुकानदारानं मले जुनं बी देल्लं. आता जातो अन् त्याची गचांडीच धरतो."

"मी म्हनते, आधी पुसा तं खरं," वच्छलाबाई म्हणाली.

"पुसाचं काय त्याच्यात! आज त्याच्याकून दुसरं बी आनतो. उद्या तळ्याचं पानी सोडतो वावरात, चांगलं भिजवतो, अन् परवा फिरून पेरतो."

तो मोटारीकडे वळला होता. तळ्यावर मोटार, तिच्यावर पोत्याचं झाकण. उद्या हे पाणी पुन्हा या शेतावर पसरणार होतं. माझ्या पिशवीत चिठ्ठ्या तयार होत्या. अजून एक हिवाळा झाला असता तर ती वरची रेघ पूर्ण झाली असती.

"सुपडाभाऊ, पाणी नका सोडू," मी म्हटलं.

"काऊन?"

"बियाण्याचा दोष नाही. पाण्याचा हाय."

तो थांबला. मी बोलायला लागलो आणि मग थांबलो नाही. पुस्तकी बोललो की वऱ्हाडी, आठवत नाही. खालचं खारं पाणी कसं वर आलं, माती कशी बिघडत गेली, सगळं सांगितलं. शेवटी तेही सांगितलं, जे सांगायची कोणी जबरदस्ती केली नव्हती: की हे मला आज कळलेलं नाही. पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुमचं शेत आम्ही तुलनेसाठी ठेवलं होतं.

"तुलनेसाठी म्हंजे?"

"जनार्दनभाऊचं चांगलं झालं हे दाखवायला, बिघडलेलं एक लागते."

सुपडाभाऊने हातातली माती खाली टाकली नाही. मूठ तशीच होती.

"तुमी मापत होते ना, सायेब," तो शेवटी म्हणाला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता ऐकायला मला पुढे व्हावं लागलं. "दर खेपेले येऊन मापत होते. मले वाटे, कोनीतरी मापून राह्यलं म्हंजे ध्यान हाय आपल्यावर. डाक्टरनं नाडी धरली का मानूस गप राह्यते. मी तसा गप राह्यलो."

वच्छलाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. "आमच्या घरी जेवले तुमी," ती म्हणाली. मग तळ्याकडे जाऊन तिने मोटारीवरचं पोतं नीट केलं, जे नीटच होतं.

माफी मागितली का, असं वाचक विचारतील. मागितली. ती त्या उघड्या शेतात फार लहान वाटली.

मी जायला निघालो तेव्हा सुपडाभाऊ मागून म्हणाला, "आता मापू नका. काय कराचं थे सांगा."

काय करायचं ते मला माहीत होतं. लाज त्याचीच होती. उपसा बंद. उन्हाळ्यात खालचं पाणी उतरलं की तळ्याच्या बुडाला चिकणमाती टाकायची, ओली करून तुडवायची, पुन्हा टाकायची, जोवर तळं जनार्दनभाऊंच्या तळ्याएवढं उथळ होत नाही तोवर. शेतात जिप्सम पसरायचं, म्हणजे मातीत अडकलेला क्षार सुटतो. पावसाळ्यात पऱ्हाटी नाही, सोयाबीन नाही; नुसता ढैंचा, हे हिरवळीच्या खताचं पीक, पेरायचा आणि हिरवा असतानाच मातीत गाडायचा. म्हणजे एक हंगाम हातचा जाणार, कदाचित दोन. आणि इतकं करून माती माणसात येईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. मीही दिली नाही. या वेळी "सध्या तरी" म्हटलं नाही. "माहीत नाही" म्हटलं.

जनार्दनभाऊ धुऱ्यावर येऊन उभे होते. किती ऐकलं त्यांनी, कोण जाणे. त्यांच्या तळ्यातून निघालेल्या मातीचा ढीग अजून तसाच पडून होता.

"सुपड्या, माती माही घे," ते म्हणाले.

"तुह्या परातीतली?"

"हाव. परातीतली."

कार्यालयात विभागप्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुलना कुठे थांबली आणि का थांबली, हे अहवालात लिहावं लागेल." मी अभ्यासातल्या उणिवा लिहायच्या जागी लिहिलं: संशोधकाने संबंधित शेतकऱ्याला सल्ला दिल्यामुळे या ठिकाणची तुलना संपुष्टात आली. मॅडमनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. "मलाही तेव्हाच सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "वाक्य असंच राहू द्या." आमच्या शास्त्रात चार बऱ्या शब्दांची नोंद उणिवांमध्ये होते, याचं मला हसू आलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्याचा मला बाकीच्या अहवालापेक्षा जास्त अभिमान वाटतो.

उन्हाळ्यात माती तुडवायचं काम झालं. मला बोलावणं आलं नाही, आणि न बोलावता जायचं धाडस झालं नाही. जनार्दनभाऊंना फोन करायचो. "चालू हाय," एवढंच ते सांगायचे. पुढे पाऊस सुरू झाला. मी उपग्रहाची चित्रं उघडून सुपडाभाऊचं वावर शोधत बसायचो. वर ढग असायचे. पांढऱ्या कापसात हात घालून हरवलेली वस्तू चाचपावी तसं वाटायचं. एकदा ढग फाटले आणि त्या जागी फिकट लाल ठिपका दिसला. ढैंचा असेल. काँग्रेस गवतही असू शकतं. वरून ते कळत नाही.

पावसाळा ओसरत असताना एका सकाळी मी सरळ बसमध्ये बसलो. यंत्र, गिरमिट, पिशव्या, काही घेतलं नाही. आदल्या दिवशी तिकडे बक्कळ पाऊस झाला होता. गावापासून चालत गेलो. सगळी शेतं चमकत होती आणि त्यांच्यावर आभाळ इतकं खाली आलं होतं की कोण कोणात पडलंय ते समजत नव्हतं. बिघडलेली माती पाणी पीत नाही. पाऊस झाला की पाणी वरच थांबतं, काचेसारखं, आणि खाली जमीन कोरडी ठणठणीत. सुपडाभाऊच्या वावरात अजून अशा काचा होत्या. बऱ्याच होत्या. पण धुऱ्यालगत, जिथे ढैंचा दाट होता आणि तो त्यांनी गाडला होता, तिथे पाणी साचलेलं दिसत नव्हतं. नुसती काळी, ओली माती होती.

सुपडाभाऊ ती पाहायला शेतात शिरला होता. वच्छलाबाई तळ्याच्या बांधावर उभी होती. मी धुऱ्यावर थांबलो. दोघांनीही मला पाहिलं असणार. कोणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

तो काचांच्या बाजूने चालत होता तोवर पायाखाली नुसतं चुबूक चुबूक वाजत होतं. काळ्या मातीपाशी आला आणि त्याचा एक पाय पोटरीपर्यंत आत गेला. त्याने दुसऱ्या पायावर भार दिला, तर तोही गेला. तो तसाच उभा राहिला. वाकून त्याने आपल्याच पायांकडे, ते कोणा दुसऱ्याचे असावेत तसं, निरखून पाहिलं.

"वच्छले!" तो ओरडला. तो जुना, मोठा आवाज होता. "पाय निंघत नाई व माहा!"

"मंग राहा तिथीच!" बांधावरून उत्तर आलं. "गाडून टाकते तुमालेबी, खत होईन!"

त्याने पाय उपसायचा प्रयत्न केला. चप्पल आत राहिली. पुन्हा तोल गेला. मी हात मागे बांधून पाहत होतो. ती किती ओल असेल, किती खोल गेली असेल, हा एवढाच भाग असेल की पुढेही असेल, असं काहीबाही मनात चाललं होतं.

"ओ सायेब!" सुपडाभाऊ माझ्याकडे वळून ओरडला. "पाहून काय राह्यले थितून? हात द्या ना!"

पँट दुमडायची राहिली. मी तसाच उतरलो.